मुंबई, पुणे, नाशिक, संभाजीनगर, लातूर : पाऊस कुठे पडतो आणि पाणी कुठे जाते?

पाणलोट (धागालेखक)

जुलै लागला की आपल्याकडे एक वाद ठरल्यासारखा सुरू होतो. खडकवासल्यातून मुठेत विसर्ग सोडल्याची छायाचित्रे पुण्याहून येतात, मुंबईकर रोज सकाळी सात तलावांची पातळी पाहू लागतात, आणि त्याच दिवसांत मराठवाड्यातला माणूस जायकवाडीची टक्केवारी वाचून विचारतो की वर एवढा पाऊस पडतो आहे, मग खाली काहीच कसे येत नाही? पुढे एक शहर दुसऱ्याला पाणी पळवणारे म्हणते आणि दुसरे पहिल्याला नियोजन न जमणारे म्हणते. हा वाद मला क्षुल्लक वाटत नाही, कारण त्यामागची तहान खरी आहे. पण त्यामागचे गृहीतक मला चुकीचे वाटते, म्हणून हा धागा काढतो आहे. ज्या शहरात पाऊस जास्त त्याला पाणी जास्त आणि जिथे पाऊस कमी तिथे टंचाई अटळ, असे आपण धरून चालतो.

पुणे शहरात वर्षाला सरासरी सातशे ते साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो. नाशिक शहराचा आकडा त्याच घरात आहे, संभाजीनगरचाही जवळपास तेवढाच आहे, आणि लातूरचा पाऊस यांच्याहून कमी नाही. म्हणजे घराच्या छपरावर पडणाऱ्या पावसापुरते पाहिले तर ही चारही शहरे एका पंगतीला बसतात. तरीही पुण्याच्या मध्यवस्तीत नळाला रोज पाणी येते, संभाजीनगरच्या अनेक वसाहतींत ते काही दिवसांआड येते, आणि लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले.

फरक शहराच्या पाठीशी काय उभे आहे, यात आहे. पुण्याच्या पाठीशी सह्याद्रीचा माथा आहे. टेमघर, पानशेत आणि वरसगाव यांची पाणलोट क्षेत्रे घाटमाथ्याला भिडलेली आहेत आणि खडकवासल्यासह या चार धरणांची साठवण २९.१५ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. लातूरच्या पाठीशी मांजरा नदी आहे, आणि ती उगम पावते बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात, जो स्वतःच अवर्षणप्रवण आहे. घाटावरचे पाणी कोणी, कधी आणि कोणासाठी अडवले, यावरच नळ ठरतो. आपापल्या भागात हे कसे घडले, ते सदस्यांनी लिहावे, अशी विनंती आहे.

खडकवासलेकर

लेखातील मुख्य मुद्दा मान्य आहे, पण पुण्याचे चित्र थोडे एकसुरी झाले आहे. खडकवासला धरण एकोणिसाव्या शतकातले आहे आणि ते शहराबरोबरच शेतीसाठीही बांधले गेले. त्याच्या कालव्यावर हवेली, दौंड आणि इंदापूरचे शेतकरी अवलंबून आहेत. शहर वाढत गेले तसा पिण्याच्या पाण्याचा वाटा वाढला आणि कालव्याची आवर्तने, म्हणजे शेतीला पाणी सोडण्याच्या पाळ्या, लांबत गेली. त्यामुळे पुण्याचा खरा तंटा मुंबईशी किंवा संभाजीनगरशी नाही, तो आमच्याच जिल्ह्यातल्या टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याशी आहे.

दुसरे असे की पुण्यात सर्वांना रोज पाणी मिळते, हेही खरे नाही. २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावे शहरात आली. त्यांतल्या कित्येक गृहसंकुलांत टँकरचा खर्च देखभाल शुल्काइतकाच नेमाने भरावा लागतो. मी स्वतः पूर्वेकडच्या अशा एका संकुलात राहतो. पेठेत राहणारी माझी मावशी रोज सकाळी अंगणात सडा घालते आणि मी वॉशिंग मशीनचे पाणी बादल्यांत साठवून संडासाला वापरतो. धरणे तीच, शहर तेच, पाणीपट्टी मागणारे कार्यालयही तेच.

गोदाकाठ

मी संभाजीनगरची. आमच्या गल्लीत पाणी येण्याचा दिवस साधारण ठरलेला असतो, वेळ मात्र ठरलेली नसते. त्या रात्री आम्ही अंगणातला नळ उघडा ठेवून त्याखाली स्टीलची रिकामी बादली ठेवतो. माझ्या सासूबाई पुढच्या खोलीत झोपतात, कारण त्यांची झोप सावध आहे. आधी नळातून हवेचा फुसफुस आवाज येतो, मग बादलीत थेंब वाजू लागतात आणि त्या सगळ्यांना उठवतात. पहिली बादली गढूळ असते, ती झाडांना जाते. नंतर हौद, ड्रम, घागरी आणि शेवटी कढया, पातेली भरून होईपर्यंत दोन-अडीच तास जातात. कुणाच्या घरी बारसे किंवा वास्तुशांत असेल तर आधी पाण्याचा दिवस विचारला जातो आणि मगच मुहूर्त पाहिला जातो.

सर्वांत जास्त टोचते ते पुढेच आहे. जायकवाडी धरण गोदावरीवर, नाशिकच्या धरणांच्या खालच्या बाजूला, आमच्यापासून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर आहे. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांनी पायाभरणी केलेले आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांनी लोकार्पण केलेले हे धरण राज्यातल्या सर्वांत मोठ्या धरणांपैकी एक आहे. त्याचा उपयुक्त साठा ७६.६५ टीएमसी आहे. २०२२ मध्ये ते भरले आणि दरवाजे उघडून गोदावरीत पाणी सोडावे लागले, तेव्हाही आमच्या गल्लीतला पाण्याचा दिवस आठवड्यात एकदाच येत होता. त्या वर्षी आमचे पाणी नाशिकने अडवलेले नव्हते. ते धरणात होते, पण शहर वाढले त्या प्रमाणात जलवाहिनी वाढली नव्हती. वरच्या धरणांतून पाणी मिळालेच पाहिजे, यावर मी ठाम आहे. पण आलेले पाणी घरापर्यंत का पोहोचत नाही, हा प्रश्न आम्ही नाशिककरांवरच्या रागाच्या भरात विसरतो.

पाणलोट

गोदाकाठ ताई, तुम्ही लिहिलेली बादली माझ्या लेखातल्या सगळ्या आकड्यांपेक्षा जास्त सांगून गेली. मी पाऊस आणि साठवण एवढ्याच दोन गोष्टी धरल्या होत्या. वहन ही तिसरी गोष्ट माझ्याकडून राहिली होती.

द्राक्षबाग

नाशिक जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची बाजूही ऐकावी. इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, हे सगळ्यांना दिसते. त्याच जिल्ह्यातले सिन्नर, येवला आणि नांदगाव उन्हाळ्यात टँकरवर असतात, हे बाहेर कुणाला दिसत नाही. दारणा धरण १९१६ चे आहे, आणि त्याचे पाणी नांदूर मधमेश्वरहून गोदावरी कालव्यांतून कोपरगाव, राहाता, श्रीरामपूरच्या शेतीला गेले. शंभर वर्षे त्या पाण्यावर वसलेल्या गावांना एक दिवस सांगितले गेले की हे पाणी तुमचे एकट्याचे नाही.

द्राक्षाची फळछाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते. छाटणीनंतरच्या दिवसांत बागेला पाणी वेळेवर मिळाले नाही तर पूर्ण वर्ष जाते, आणि जायकवाडीसाठी पाणी सोडण्याचा निर्णय नेमका त्याच काळात होतो. खालच्या माणसाला प्यायला पाणी मिळू नये, असे आमच्यातला एकही जण म्हणणार नाही. आमची तक्रार एवढीच आहे की पिण्यासाठी म्हणून सोडलेले पाणी पुढे कशाकशाला वापरले जाते, याचा हिशेब आम्हाला कधी दाखवला जात नाही. खाली ऊस उभा राहतो आणि वर बाग वाळते, असे चित्र दिसले की माणूस चिडणारच.

जुना पाटकरी

मी अनेक वर्षे कालव्यांवर नोकरी केली, आता निवृत्त आहे. या वादात नियम नेमका काय आहे, हे बहुतेकांना माहीत नसते, म्हणून सविस्तर लिहितो.

२००५ मध्ये महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. नदीच्या खोऱ्यातल्या वरच्या आणि खालच्या धरणांनी टंचाईच्या वर्षी तूट समन्यायाने वाटून घ्यावी, हे तत्त्व त्यात आले. गोदावरीच्या ऊर्ध्व (वरच्या) खोऱ्यासाठी मेंढेगिरी समितीने २०१३ मध्ये त्याचे कोष्टक तयार केले आणि २०१४ मध्ये प्राधिकरणाने त्याआधारे आदेश दिला. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरच्या धरणांनी ठरलेल्या प्रमाणात पाणी सोडायचे, असा त्याचा गाभा आहे. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही समन्यायी वाटपाचे हे तत्त्व उचलून धरले. २०२३ मध्ये याच नियमाने सुमारे ८.६ टीएमसी सोडण्याचा आदेश ऑक्टोबरअखेर निघाला, पण आंदोलने आणि न्यायालयीन अर्ज यांत दिवस गेले आणि प्रत्यक्ष विसर्ग नोव्हेंबर सरता सरता सुरू झाला.

आता कागदावरचे एक टीएमसी नदीत उतरल्यावर त्याचे काय होते, ते पाहा. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. पावसाळा संपून महिना-दीड महिना झाला की नदीचे पात्र कोरडे पडते, आणि कोरडे पात्र आधी स्वतः पाणी पिते. वाटेत कोल्हापूर पद्धतीचे, म्हणजे फळ्या लावून पाणी अडवणारे, बंधारे असतात, त्यांच्या फळ्या आधी काढाव्या लागतात. काठावर शेकडो कृषिपंप असतात, त्यांची वीज विसर्गाच्या काळात तोडावी लागते. मी अशा रात्री बंधाऱ्यावर काढल्या आहेत. तोडलेली वीज कुठून तरी पुन्हा जोडली जाते आणि अंधारात मोटारीची घरघर ऐकू येते. ज्याची मोटार, तो शेतकरी माझ्या ओळखीचा असतो आणि त्याचे पीक डोळ्यांसमोर वाळत असते. म्हणून माझे मत असे आहे की द्यायचे पाणी पावसाळ्यातच, नदी वाहती असताना, ठरलेल्या टप्प्यांनी खाली जाऊ द्यावे. १५ ऑक्टोबरची वाट पाहणे म्हणजे नदी वाळू देऊन मग तिच्यातून पाणी नेणे होय. तेवढा एक बदल झाला तरी वाटेतली गळती आणि भांडण दोन्ही निम्मी होतील, असे मला अनुभवावरून वाटते.

सिद्धेश्वरनगरी

सोलापूरचे कुणी नाव घेतले नाही म्हणून लिहितो. उजनीची साठवण सुमारे ११७ टीएमसी आहे, म्हणजे पुण्याच्या चार धरणांच्या चौपट, आणि तरीही सोलापूर शहराला पाणी काही दिवसांआडच येते. उजनीतला निम्म्याहून अधिक साठा मृतसाठा, म्हणजे दरवाजांच्या पातळीखाली राहणारे पाणी, आहे, ही एक गोष्ट. धरणापासून शहर शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे, ही दुसरी. जलवाहिनी पुरत नाही म्हणून भीमेच्या पात्रातून औजच्या बंधाऱ्यापर्यंत पाणी सोडावे लागायचे, आणि वर पाटकरी साहेबांनी लिहिले तसेच त्याचे व्हायचे.

पुण्याबद्दल माझी तक्रार पाऊस किंवा कोटा यांच्याबद्दल नाही. पुण्याने वापरलेले पाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येते. उन्हाळ्यात उजनीच्या पाण्यावर हिरवा तवंग दिसतो आणि त्याचा वास काठच्या गावांत घराघरांत शिरतो. २०२१ मध्ये उजनीतले पाच टीएमसी पाणी सांडपाण्याच्या नावाखाली इंदापूरला देण्याचा निर्णय झाला होता, तो सोलापूरकरांच्या विरोधानंतर मागे घ्यावा लागला. जे सांडपाणी म्हणून आमच्याकडे येते तेच आम्ही शुद्ध करून पितो, आणि हिशेब मांडताना मात्र ते आमचे धरले जात नाही. वरच्या शहराने किती पाणी घेतले याइतकेच त्याने ते कसे परत केले, हेही मोजले गेले पाहिजे.

खडकवासलेकर

सिद्धेश्वरनगरी यांचे म्हणणे पुणेकर म्हणून मला मान्य करावेच लागेल. गणेशोत्सवात आम्ही नदीच्या नावाने हळहळतो आणि उरलेले वर्ष पुलावरून नाक दाबून जातो.

घाटमाथा

आणखी एक पदर आहे. भीमेच्या खोऱ्यात पडलेला सगळा पाऊस पूर्वेकडे वाहत नाही. मुळशी, ठोकळवाडी, वळवण, शिरवता या धरणांचे पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून पश्चिमेला उतरवून त्यावर वीज तयार होते. खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ मध्ये, भिवपुरीचे १९२२ मध्ये आणि भिऱ्याचे १९२७ मध्ये सुरू झाले. ही वीज मुंबईच्या गिरण्यांसाठी होती. मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ पासून त्याविरुद्ध सत्याग्रह केला, तो आपल्या देशातल्या धरणविरोधी लढ्यांतला आरंभीचा लढा होता. पुढे कोयनेचे पाणीही असेच पश्चिमेकडे वळवले गेले, आणि कृष्णेच्या पाण्याचे राज्यांत वाटप ठरवणाऱ्या कृष्णा लवादाने त्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसीची मुभा दिली.

म्हणजे पुण्याच्या पश्चिमेला पडणारा पाऊस सोलापूरला न जाता कोकणात उतरतो, तिथे वीज देतो, आणि भिवपुरीखाली उल्हास नदीत मिसळून बदलापूर, कल्याण, डोंबिवलीच्या नळांत जातो. तो बंद करा, असे म्हणणे सोपे आहे, पण आता त्या नळांखालीही लाखो माणसांच्या बादल्या आहेत. शंभर वर्षांपूर्वीच्या एका निर्णयाने दोन्ही बाजूंना गरजू माणसे उभी केली आहेत. पश्चिमेकडच्या शहरांना दुसरा स्रोत देत देत हे पाणी टप्प्याटप्प्याने पूर्वेला वळवावे, असे मला वाटते. मात्र त्याचा खर्च कोणी उचलायचा, हे आधी ठरले पाहिजे.

सात तलाव

मुंबईकर म्हणून दोन शब्द. शहराला रोज सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी पुरवले जाते आणि सात तलावांची एकूण साठवण १४.४७ लाख दशलक्ष लिटर, म्हणजे ५१ टीएमसीच्या आसपास आहे. थोडक्यात, भरलेले तलाव जेमतेम वर्षभर पुरतात. म्हणून जून कोरडा गेला की कपात येते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यात माणसे गेली, पण ते सारे पाणी समुद्रात गेले. शहरावर कोसळणाऱ्या पावसाचा पिण्यासाठी फारसा उपयोग होत नाही. फक्त विहार आणि तुळशी हे लहान तलाव मुंबईच्या हद्दीत आहेत.

मुंबईने आपली धरणे आपल्या पैशाने बांधली, असे आमच्याकडे अभिमानाने सांगितले जाते. ते काही धरणांपुरतेच खरे आहे. एकूण साठ्याचा जवळपास अर्धा भाग ज्या भातसा धरणाचा आहे, ते राज्य शासनाचे आहे. आणि शहरात आलेले पाणीही सारखे वाटले जात नाही. गोवंडी-मानखुर्दच्या वस्त्यांत लोक कॅन विकत घेऊन पाणी भरतात. झोपडी अनधिकृत असली तरी तिथल्या माणसाचा पाण्यावरचा हक्क नाकारता येत नाही, हे डिसेंबर २०१४ मध्ये उच्च न्यायालयाला सांगावे लागले.

शहापूरवासी

मी बराच वेळ नुसता वाचत होतो. मुंबईकरांनी भातसाचे नाव घेतले म्हणून लिहितो. भातसा आणि तानसा आमच्या तालुक्यात आहेत. आमच्याकडे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे या धाग्यातल्या पुणे, नाशिक, संभाजीनगर आणि लातूर या शहरांच्या तिप्पट. आणि मार्च उजाडला की आमच्या पाड्यांवर टँकर सुरू होतात.

बाहेरच्या माणसाला हे खरे वाटत नाही. कारण असे आहे की पाडे डोंगरउतारावर आणि पठारावर आहेत, धरणाचे पाणी खाली दरीत आहे. खडक काळा कातळ, त्यात पाणी मुरत नाही, चार महिने धबधबे आणि आठ महिने दगड. धरणातले पाणी उताराने मुंबईला आपोआप जाते, पण ते वर पाड्यावर चढवायला पंप, वीज आणि वीजबिल भरणारा कोणीतरी लागतो. माझ्या बहिणीच्या सासरी वाटेवर मोठी जलवाहिनी आहे, माणसाच्या उंचीहून मोठी. उन्हाळ्यात बायका डोक्यावर हंडे घेऊन तिच्या कडेने चालतात. एका सांध्यापाशी पाणी झिरपते, तिथे दगडांची आळी करून हंडे रांगेला लावलेले असतात. एक हंडा भरायला पाऊण तास लागतो. पाइपाला कान लावला तर आतले पाणी वाहताना ऐकू येते.

ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर हे शासनाने जलजीवन अभियानात ठरवलेले माप आहे आणि मोठ्या शहरांसाठी १३५ ते १५० लिटरचे. हे दोन आकडे वेगळे का, हे मला कोणी समजावून सांगितलेले नाही. माझ्या बहिणीला शहरातल्या बाईपेक्षा कमी तहान लागते का? शहापूरच्या गावांसाठी आता इगतपुरी तालुक्यातल्या भावली धरणातून पाणी आणण्याची योजना मंजूर आहे. घरासमोरचे धरण मुंबईला, आणि आम्हाला घाटावरून पाणी.

मांजराकाठची लेक

लातूरच्या रेल्वेबद्दल वर उल्लेख आला. १२ एप्रिल २०१६ ला पहिली गाडी आली तेव्हा तिला दहा वाघिणी होत्या, एकूण पाच लाख लिटर पाणी होते, आणि आमच्या शहराची लोकसंख्या चार लाखांच्या आसपास होती. माणशी लिटरभर हिशेब झाला. त्याआधी मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागली होती. मी तेव्हा अकरावीत होते. आई आम्हाला आंघोळ परातीत बसवून घालायची आणि तेच पाणी मग फरशी पुसायला जायचे.

मिरजेहून आलेले ते पाणी कृष्णेचे होते, म्हणजे महाबळेश्वरच्या माथ्यावर पडलेल्या पावसाचे. तेव्हा त्या पाण्यासाठी सांगली-मिरजेच्या कुणी "आमचे पाणी" म्हणून गाडी अडवली नाही, हे मी विसरणार नाही. त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटी मांजरा धरण भरले. दुसऱ्या वर्षी आमच्या जिल्ह्यात पुन्हा भरपूर ऊस लागला. आमच्याकडच्या विंधनविहिरी किती खोल गेल्या आहेत, हे सगळ्यांना ठाऊक असताना तो लागला. या धाग्यात इतरांनी आपापल्या शहराची चूक मांडली आहे, तर ही आमची.

पाणलोट

शहापूरवासी, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, कारण त्या दोन मापांचे समर्थन करता येईल असे मला वाटत नाही. मी लेखात पाच शहरांची तुलना केली आणि ज्यांच्या अंगणात धरण आहे त्या गावांची नावेही घेतली नाहीत, ही माझी चूक आहे. प्रत्येक धरणाच्या पाण्यात पहिला राखीव वाटा त्याच्या पाणलोटातल्या आणि काठावरच्या गावांचा असावा, पंपाच्या वीजबिलासह, आणि ते बिल पाणी नेणाऱ्या शहराने भरावे, अशी दुरुस्ती मी माझ्या मूळ म्हणण्यात करतो. मुंबईच्या पाणीपट्टीत त्याचा भार किती पडेल, हे सात तलाव यांनी सांगावे.

सात तलाव

आकडा काढून पाहतो. रोजच्या ३,९०० दशलक्ष लिटरच्या तुलनेत तालुक्यातल्या पाड्यांची गरज फार लहान आहे. एक लाख माणसांना १३५ लिटरच्या मापाने द्यायचे झाले तरी साडेतेरा दशलक्ष लिटर होतात, म्हणजे मुंबईच्या रोजच्या पाण्याच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. शहापूरवासी, तुमच्या बहिणीच्या पाड्यावर किती घरे आहेत?

शहापूरवासी

बेचाळीस.